सुट्ट्या पैशांतलं रोम

बँकेच्या कॅश काउंटरवर चौतीस वर्षं काढलेल्या बाईने एकटीने युरोपला जाऊ नये. तिला कोलोझियम दिसायच्या आधी त्याचं तिकीट दिसतं. १८ युरो. युरोचे शंभर धरले की अठराशे, म्हणजे आमच्या घरचं महिन्याचं दूध. रोमन लोकांनी जिथे माणसांवर सिंह सोडले ती जागा बघण्यासाठी महिनाभर कोरा चहा प्यायचा का, हा हिशेब एकदा डोक्यात सुरू झाला की थांबत नाही.

निवृत्तीनंतर मी रोमला जाणार, असं घरात जाहीर केलं तेव्हा आमच्या यांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण विमान. नणंद बारा दिवसांत आठ देश करून आलेली, टूर कंपनीबरोबर, सकाळी पोहे मिळवत. तिने फोनवर आवाज खाली आणून विचारलं, "एकटीच? दादाशी काही झालंय का?" सगळ्यात रोखठोक निघाली ती कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मार्केटातली आमची भाजीवाली.

"वैनी, तितं काय हाय बगायला?"

"जुने दगड, पडके वाडे."

"मग पन्हाळ्याला जावा की. वडाप हाय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पण रोमच का, याला कारण होतं. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये वीतभर उंचीचा एक ब्राँझचा देव आहे. पोसायडन, समुद्राचा देव. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडला. समुद्राशी आमचा संबंध बाजारातल्या सुरमईपुरता, पण हा देव सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाराच्या वाटेने आमच्या गावी येऊन राहिला. त्याच काळात रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक कुरकुरत होता, की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्याचे निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. मिरी, मलमल, मोती, रोमन बायकांचे शौक. प्लिनीचं म्हणणं मला कॅशियर म्हणून पटलं. दोन हजार वर्षं थकलेली बाकी, थोडी तरी फेडायला कोणी जायला हवं होतं. मी निघाले. फक्त किरकोळीत फेडायचं ठरवलं.

फेड व्हिसापासूनच सुरू होते. ९० युरो फी, शिवाय ३० हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा. तीस लाख! माझी एवढी किंमत आजवर कोणी लावली नव्हती. तो कागद मी यांना दोनदा वाचून दाखवला.

रोमच्या गल्ल्यांत काळे चौकोनी दगड बसवलेले असतात, त्यांना सांपिएत्रीनी म्हणतात. दिसायला सुंदर. माझ्या ट्रॉलीचं डावं चाक त्यांतल्या विसाव्या दगडावर गेलं. उरलेला रस्ता मी बॅग पोत्यासारखी ओढत हॉस्टेलवर पोहोचले. सहा बेडची मुलींची खोली, आणि मला वरचा बंक. वयाच्या साठाव्या वर्षी शिडी चढून झोपायला जाताना खालच्या बंकवरची पोर श्वास रोखून बघायची. तिला माझी काळजी होती की स्वतःची, ते कळलं नाही.

पाणी मात्र फुकट. रोममध्ये रस्तोरस्ती बिडाचे नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास, १८७४ पासूनचे. वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना नाझोने, म्हणजे नाकाड्या, म्हणतात. तोटीखाली बोट दाबलं की वरच्या छोट्या भोकातून पाण्याची धार उडते आणि ओंजळीशिवाय पिता येतं. पहिल्यांदा ती माझ्या चष्म्यावर उडाली. मग जमलं. बाटलीबंद पाणी विकत घेणारे प्रवासी दिसले की मला त्यांच्या आईवडिलांची दया यायची.

जेवणाचा प्रश्न कात्रीने सोडवला. तिथे पिझ्झा वजनावर मिळतो. टर्मिनी स्टेशनजवळच्या एका दुकानात हातभर लांब पत्र्यांत सात-आठ प्रकार मांडलेले, आणि मागे उभी बाई ब्लाउजपीस कापावा तशी कात्रीने कापून देते. आधी कात्री पिझ्झ्यावर टेकवते आणि भुवया उंचावते. म्हणजे, एवढा? मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. कात्री डावीकडे सरकली. मी बोटं आणखी जवळ आणली. शंभर ग्रॅमला तिथे 'एत्तो' म्हणतात, हे मी विमानातच पाठ केलं होतं. "उन एत्तो," मी म्हटलं, "पताते." पताते म्हणजे बटाटा. पिझ्झा कसला, भाकरीवर पसरलेल्या बटाट्याच्या काचऱ्या, वर मीठ आणि रोजमेरीच्या काड्या. हळद तेवढी राहिली होती. काट्यावर ११२ भरलं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि वरचे बारा ग्रॅम सोडून दिले. चौथ्या दिवसापासून मी दारात दिसले की ती आपणहून कात्री डावीकडे सरकवायची.

खरा खर्च बसण्याचा आहे. कॉफी काउंटरला उभ्याने प्यायली तर सव्वा युरोच्या आसपास, तीच टेबलाशी बसून प्यायली की दुप्पट-तिप्पट. म्हटलं, उभ्याने पिऊ आणि स्पॅनिश स्टेप्सवर जाऊन बसू. १३५ पायऱ्या, तीनशे वर्षं लोक तिथे बसत आले. २०१९ पासून तिथे बसायला बंदी. मी टेकायच्या आत शिट्टी वाजली आणि गणवेशातल्या एका मुलीने मला उठवलं. दंड अडीचशे युरो असतो म्हणे. पंचवीस हजारांना एक बैठक! त्या पैशांत घरी सोफासेट येतो, आणि तो उठवत नाही.

म्हणून मी चर्चमध्ये जाऊन बसू लागले. भक्ती नव्हती, पाय होते. रोममध्ये नऊशेच्या वर चर्चेस आहेत, बहुतेकांत फुकट प्रवेश आणि लाकडी बाकं. असंच पाय दुखले म्हणून नव्होना चौकाजवळच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये शिरले. आत डाव्या बाजूच्या शेवटच्या कोनाड्यात अंधार, आणि त्या अंधाराकडे तोंड करून वीसेक माणसं गप्प उभी. लोडशेडिंग असावं तशी. मीही उभी राहिले. रांग किंवा घोळका दिसला की उभं राहायचं, ही सवय आहे. मिनिटभराने एका म्हाताऱ्याने भिंतीवरच्या पेटीत नाणं टाकलं. खट्ट. दिवे लागले.

कारावाज्जोची तीन चित्रं. पैकी डावीकडच्या चित्राने मला धरून ठेवलं. जकात वसूल करणारा मॅथ्यू आणि त्याची माणसं टेबलाभोवती बसून पैसे मोजताहेत. उजवीकडून येशू येतो, हात पुढे करतो, त्याच्यामागून उजेडाची तिरीप भिंतीवर पडते. सगळे चमकून बघतात. पण टेबलाच्या टोकाला एक पोरगा आहे, मान खाली घालून नाणी मोजतोय. देव दारात आलाय आणि ह्याचा हिशेब लागेना. शेजारी एक चष्मेवाला म्हातारा वाकून नाण्यांकडेच बघतोय. यांतला मॅथ्यू कोण, दाढीवाला की तो पोरगा, यावर जाणकारांत वाद आहे. मला पोरगाच वाटतो. दुपारी साडेतीनला कॅश टॅली होत नसेल तर ब्रह्मदेव आला तरी मान वर होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

खट्ट. अंधार.

पुन्हा सगळे गप्प. आता कोण? पंगतीत पहिला घास कोणी घ्यायचा, तसे सगळे एकमेकांकडे न बघता बघत होते. माझ्या पर्समध्ये नाणी होती. मी पर्स काखेत घट्ट धरली. गाइडबरोबरचे गट आले की गाइड नाणं टाकतो, हे माझ्या लवकरच ध्यानात आलं. पाच दिवस मी रोज सकाळी तिथे जाऊन दुसऱ्यांच्या उजेडात कारावाज्जो पाहिला.

बाकीचं रोमही असंच पाहिलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोझियम फुकट असतं, त्यावरूनच मी विमानाची तारीख ठरवली होती. रांग नवरात्रातल्या अंबाबाईसारखी. मूळचे रोमन प्रेक्षकही फुकटेच; खर्च सम्राटाचा. कमानींवर कोरलेले प्रवेशाचे आकडे अजून वाचता येतात. पँथिऑनला मात्र ५ युरो मोजले आणि पावसात गेले. १९०० वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, ४३ मीटर रुंद, लोखंडाची सळई नाही, आणि मधोमध मोठं भोक. पाऊस सरळ आत पडतो, फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. एवढ्या वर्षांत तिथे कोणी पत्रा टाकला नाही, याचं मला कौतुक वाटलं. आमच्या सोसायटीने पहिल्याच पावसाळ्यात टाकला असता.

त्रेवी कारंज्यात पाठमोरं उभं राहून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो म्हणतात. ती नाणी गोळा करून धर्मादायाला देतात, वर्षाला १० लाख युरोंच्या वर. काम चांगलं. पण चालू नाणं पाण्यात फेकायला माझा हात उठला नाही. चौतीस वर्षांत तो फक्त मोजायला उठला आहे.

शेवटच्या सकाळी पुन्हा सान लुइजीत गेले. पाऊस होता. गाइड नाही, गट नाही. कोनाडा काळा. मी दहा मिनिटं वाट पाहिली. तासाभरात चर्च दुपारचं बंद होणार, संध्याकाळी विमान. शेवटी पर्स उघडली, एक युरो काढला, दोन्ही बाजूंनी तपासला आणि पेटीत टाकला.

खट्ट.

दिवे लागले आणि खांबांच्या आडून, बाकांवरून, कन्फेशनच्या खोक्यामागून माणसं निघून आली. सातजण. म्हणजे इतका वेळ ते माझ्या नाण्याची वाट बघत होते! त्यांतल्या एका बाईने माझ्याकडे बघून मान लववली. टेबलाच्या टोकाचा पोरगा मोजतच होता. मीही मोजलं.

बाहेर येऊन नाकाड्यावर बाटली भरली आणि वहीत नोंद केली. खर्च एक युरो, म्हणजे शंभर रुपये. पाहणारे आठ. माणशी साडेबारा. सातजणांकडून माझं साडेसत्त्याऐंशी रुपये येणं आहे. आधीचे पाच दिवस दुसऱ्यांच्या नाण्यांवर जे पाहिलं, ते त्यात वजा धरलेलं नाही.