सॅक्रामेंटोने पाडलेला उजेड

काय म्हणावं या लोकांना! कॅलिफोर्नियासारख्या गडगंज राज्याची राजधानी. गावात विधिमंडळ, गव्हर्नर, कचेऱ्या, कोर्टं, सगळा सभ्य कारभार. आणि २०२२-२३ च्या अख्ख्या हिवाळ्यात तिथली शहाणीसुरती, घराचे हप्ते फेडणारी, दाढी पिकलेली माणसं रात्री घसा बसेपर्यंत ओरडत होती, "लाइट द बीम! लाइट द बीम!" म्हणजे लावा तो झोत. कसला झोत? जांभळा. कुठे? थेट आभाळात. आणि कशासाठी? तर बास्केटबॉलचा एक सामना जिंकला म्हणून. मोसमात असतात ८२, त्यातला एक!

बरं, आपली पोरं जिंकली की आरडाओरडा सगळेच करतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इथला प्रकार ऐका. सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीएतला संघ. २०२२ च्या ऑक्टोबरात, मोसमाच्या तोंडावर, संघवाल्यांनी जाहीर केलं की यंदा प्रत्येक विजयानंतर गोल्डन वन सेंटरच्या छतावरून लेझरचा जांभळा झोत आकाशात सोडणार. ऐकणारे तोंडाला पदर लावून हसले. हसणारच. किंग्ज जिंकणार कधी आणि दिवा लागणार कधी? झालंही तसंच. पहिले चारही सामने हरले. नवाकोरा लेझर छतावर धूळ खात बसला. २९ ऑक्टोबरला मायामी हीटला ११९-११३ असं हरवलं आणि एकदाचा उजेड पडला.

तिथून जे वेड लागलं! सामना संपला की मैदानाच्या कडेला एक भलंमोठं बटण ठेवायचं आणि त्या रात्रीच्या शूरवीरानं ते दाबायचं. साडेसहा-सात फुटी, वर्षाला लाखो डॉलर कमावणारे बाप्ये त्या बटणापाशी अशी दाटी करायचे की बघणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हावं. एरवी अमेरिकन प्रेक्षक शेवटची पाच मिनिटं बाकी असताना पार्किंगच्या दिशेनं सुटतो. इथे उलटंच. सामना खिशात पडतोय असं दिसलं, की घड्याळ संपायच्या आधीच घोष सुरू. समोरचा संघ अजून खेळतोय, त्याची काही भीडभाड?

सगळ्यात कहर म्हणजे बाहेरगावी जिंकले तरी झोत घरीच लागायचा. खेळाडू तिकडे ब्रुकलिनात नाही तर आणखी कुठे, स्टेडियमला कुलूप, आत चिटपाखरू नाही, आणि वर आभाळात जांभळा खांब उभा. त्या मोसमात किंग्जनी ४८ सामने जिंकले, त्यातले २५ परगावी. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बटण दाबलं ते रिकाम्या घरावर. आणि गावकरी काय करत होते? रात्री अंगणात येऊन, गाड्या काढून, पुलावर थांबून आकाशाचे फोटो काढत होते. सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्समला माझी एक मावसबहीण राहते. कॅरमखेरीज कुठला खेळ तिनं जन्मात धड पाहिलेला नाही. तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप, "ताई, आज पण लावला गं!" मी विचारलं, काय लावलं, विरजण? तर रागावली.

पण रागावण्याआधी या किंग्ज घराण्याचा इतिहास ठाऊक हवा. बारा गावचं पाणी प्यालेलं बिऱ्हाड आहे हे. मूळचे न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचे, नाव रॉयल्स. अजिंक्यपद जिंकलं ते तिथेच, १९५१ साली. त्यानंतर आजतागायत नाही. मग १९५७ मध्ये सिनसिनाटी. १९७२ मध्ये कॅन्सस सिटी. तिथे बेसबॉलवाल्यांचे रॉयल्स आधीच नांदत होते, म्हणून यांनी नाव बदलून किंग्ज केलं. १९८५ मध्ये सॅक्रामेंटो. २००० च्या आसपास चांगले दिवस आले, तर लॉस एंजेलिस लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी गावाला गावंढळ म्हणून हिणवलं. गावानं काय करावं? माणसं गाईंच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सामन्याला यायला लागली आणि लेकर्सच्या कानाशी बडवायला लागली. हो, आहोत गावंढळ, ऐका आता! हा बाणा मला मनापासून आवडतो, पण ते असो. आज मी नावं ठेवायला बसले आहे.

२००६ नंतर मात्र घराण्याला जी उतरती कळा लागली! ओळीनं १६ मोसम बाद फेरी नाही. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ कुणाच्या वाट्याला आला नव्हता. या काळात प्रशिक्षक किती झाले म्हणता? हंगामी धरून अकरा. २०१८ मध्ये नवे खेळाडू निवडताना यांची दुसरी पाळी होती. समोर लुका डॉन्चिच उभा. यांनी उचलला मार्विन बॅगली. पुढच्यानं डॉन्चिच घेतला आणि तो डॅलसला जाऊन पोचला. सॅक्रामेंटोत या विषयाला अजून तोंड फोडू नये म्हणतात, जेवण कडू होतं.

आणि मालक कोण? इथे खुर्ची जरा पुढे ओढून घ्या. विवेक रणदिवे! आपल्या मुंबईत जन्मलेले, एमआयटीत शिकलेले, सॉफ्टवेअरमध्ये पैसा केलेले. २०१३ मध्ये संघ सिअ‍ॅटलला उचलून न्यायची बोलणी पार पुढे गेली होती. रणदिव्यांच्या गटानं घेतला म्हणून गावात राहिला. त्यासाठी त्यांना गोल्डन स्टेट वॉरियर्समधला आपला हिस्सा सोडावा लागला, कारण एका माणसानं दोन घरांत मालकी ठेवायची नाही. बास्केटबॉलशी त्यांचा आधीचा घरोबा म्हणजे मुलीच्या शाळकरी वयाच्या संघाचं प्रशिक्षण. पोरींना नीट नेम धरता येत नाही, तर मैदानभर समोरच्यांना दाबून धरा, ही त्यांची युक्ती. ती इतकी चालली की माल्कम ग्लॅडवेलनी त्यावर 'न्यूयॉर्कर'मध्ये लेख लिहिला. मग मालक झाल्यावर, २०१४ च्या सुमारास, साहेबांनी सुचवलं म्हणे की बचावाला चौघांनाच ठेवू आणि पाचव्याला समोरच्या बास्केटखाली आयता उभा करू. हे छापून आल्यावर अमेरिकेत जो हशा पिकला! गल्लीतल्या क्रिकेटमध्ये असा भिडू बिनबोभाट चालतो, पण एनबीएत?

मायदेशाची आठवणही त्यांनी काढली बरं का. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिलेवहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिल्या दिवशी शाळांमधून तीन हजारांवर पोरं आणून बसवली होती; त्यांनी केकाटून छप्पर उचललं. किंग्ज मात्र दोन्ही सामने हरले. पहिला जादा वेळेत एका गुणानं, दुसरा चांगला सणसणीत. पाहुणचार करायला आपल्या गावी न्यावं आणि पाहुण्याकडून मार खावा!

त्या पेसर्सकडे तेव्हा डोमांटास सबोनिस होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जनी त्याला आणलं, आणि बदल्यात कुणाला दिलं? टायरीस हॅलिबर्टनला! गावाचा लाडका, हसरा, आणि मला इथेच राहायचंय म्हणणारा पोरगा. गावात सुतकच. टीव्हीवर तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी कपाळाला हात लावले. आणि आठ-नऊ महिन्यांत तेच गाव सबोनिसच्या नावानं नाचतंय. माणसाची जात, दुसरं काय. अर्थात त्यानं काम तसंच केलं. डिसेंबरात अंगठ्याचं हाड मोडलं तरी गडी खेळत राहिला आणि मोसमभरात सामन्याला सरासरी १२.३ रीबाउंड, म्हणजे हुकलेले चेंडू, घेऊन साऱ्या लीगमध्ये पहिला आला. बाप अर्विदास सबोनिस लिथुआनियाचा दिग्गज. मुलानं नाव राखलं. शिवाय डिॲरन फॉक्स, ज्याच्या पायाला चाकं आहेत आणि शेवटच्या पाच मिनिटांत ज्याच्या अंगात येतं; त्या वर्षीपासून अशा मोक्याच्या खेळीसाठी नवं बक्षीस सुरू झालं, ते पहिलं त्यालाच मिळालं. नवखा कीगन मरे, चेहऱ्यावरची माशी न उडवता २०६ तिघाड्या, म्हणजे तीन गुणांचे नेम, मारून पहिल्या वर्षाचा विक्रम करून बसला.

प्रशिक्षक माइक ब्राउन यांची आणखी एक तऱ्हा. सामन्यात ज्यानं उत्तम बचाव केला त्याच्या गळ्यात जाडजूड साखळी घालायची. आता या संघाचा बचाव म्हणजे उघडं फाटक. लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण यांनी केले, सामन्यागणिक १२०.७, आणि दिलेही हात सैल सोडून. २४ फेब्रुवारीची ती रात्र आठवा. लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्सशी गाठ. चौथ्या डावात १४ गुणांनी मागे पडलेले किंग्ज कसेबसे बरोबरीला आले, एकदा जादा वेळ झाला, दुसऱ्यांदा झाला, आणि शेवटी १७६-१७५! मलिक मंक बाकावरून उठून आला आणि ४५ गुण करून गेला, फॉक्सचे ४२. एनबीएच्या इतिहासात याहून जास्त गुण एकाच सामन्यात झाले आहेत, १९८३ मध्ये डेट्रॉइट आणि डेन्व्हर यांच्यात. १७५ गुण खाऊन जिंकायचं! त्या रात्री ती बचावाची साखळी कपाटातच ठेवायला हवी होती. झोत मात्र लागला, अर्थातच.

मला विचाराल तर या लोकांचं प्रेम बास्केटबॉलवर नव्हतंच, बटणावर होतं. १६ वर्षं ज्यांच्या घरी तोरण लागलं नाही त्यांनी अंतिम सामन्याची वाट कशाला बघायची? मोठमोठे संघ मंगळवारच्या विजयाला सामान्य म्हणून झटकून टाकतात, जून महिन्यात काय ते बघू म्हणतात. सॅक्रामेंटोनं मंगळवारचीच दिवाळी केली. इतरांनी नाकं मुरडली. पहिल्या फेरीलाही न पोचलेल्यांनी एवढा थाट करावा? शोभतं का? मीही मुरडलं. पण मार्चअखेरीस पोर्टलंडला १२०-८० असं झोडपून किंग्जनी बाद फेरी गाठली, तेव्हा मावसबहिणीच्या आधी मीच निकाल पाहिला होता, हे तिला सांगू नका.

मग पहिल्याच फेरीत कोण? गोल्डन स्टेट वॉरियर्स! नव्वद मैलांवरचे शेजारी, गतविजेते. म्हणजे बघा, रणदिव्यांचं जुनं घर. ब्राउन यांनीही सहा वर्षं तिथेच दुय्यम प्रशिक्षक म्हणून काढलेली. सगळी आपसातली भांडणं. बे एरियातल्या घरांच्या किमती झेपेनात म्हणून सॅक्रामेंटोकडे सरकलेली आपली मराठी मंडळी तर पुरती कात्रीत सापडली. नवरा वॉरियर्सच्या स्टेफ करीचा, मुलं फॉक्सची, आणि सासूबाई भारतातून आलेल्या, त्या विचारतात, हे सात सामने एकाच दोघांत कशाला खेळतात, एकदा हरला तो हरला ना?

पहिला सामना किंग्जनी १२६-१२३ नं घेतला. दुसऱ्यात तर तमाशाच. खाली पडलेल्या सबोनिसनं वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनचा घोटा धरला आणि ग्रीननं पाय सोडवायच्या निमित्तानं त्याच्या छातीवर पाय दिला. दिला म्हणजे चांगला तुडवला. बाहेर काढलं, तर जाता जाता प्रेक्षकांनाच ओरडा ओरडा म्हणून चिथावतोय. पुढच्या सामन्याला त्याला बंदी. त्याच्याविना वॉरियर्स जिंकले, यावर काय बोलणार! चौथा सामना १२६-१२५, एका गुणानं गेला, आणि त्यातच फॉक्सच्या नेमाच्या हाताचं बोट मोडलं. बोट बांधून पाचव्यात खेळला, हरले. सहाव्यात शत्रूच्या घरात जाऊन ११८-९९ नं जिंकले; रिकाम्या घरावर पुन्हा झोत.

३० एप्रिल २०२३, सातवा सामना सॅक्रामेंटोत. गाईच्या घंटा आल्या, जांभळे सदरे आले, बटण पुसून ठेवलं असणार. आणि स्टेफ करी नावाच्या त्या गोड चेहऱ्याच्या माणसानं ५० गुण केले. सातव्या सामन्यात ५० त्याआधी कुणीच केले नव्हते. पाहुण्यानं येऊन असं वागावं? १२०-१००. बटण तसंच राहिलं.

पुढची हकिकत तर याहून चविष्ट. ब्राउन त्या वर्षी एकमतानं सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते. डिसेंबर २०२४ मध्ये रणदिव्यांच्या दरबारातून त्यांना नारळ मिळाला. दीड महिन्यात फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. आता जरा जोडून बघा. रणदिव्यांनी आधी काढलेले प्रशिक्षक मायकल मलोन. त्यांनी २०२३ च्या जूनमध्ये, म्हणजे या झोताच्या मोसमातच, डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिलं. दिलेला हॅलिबर्टन २०२५ मध्ये इंडियानाला घेऊन अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. आणि ब्राउन? त्यांना न्यूयॉर्क निक्सनी हातोहात उचललं. हे सगळं मी मावसबहिणीला फोनवर ऐकवलं आणि म्हटलं, सॅक्रामेंटोतून निघालं की माणसाचं भलं होतं, तुम्हीही टेक्सासला का जात नाही? तर म्हणाली, "नंतर बोलू गं, शेवटची दोन मिनिटं आहेत, आज लावतील."