शोकेसमधला स्पीकर

(रंगमंचावर सोफा, शोकेस, कपाट. एक स्पीकर शोकेसमध्ये, ट्रॉफी आणि बाहुलीच्या मध्ये कोंबलेला. दुसरा कपाटावर, कोपऱ्यात. कलाकार येतो, खणखणीत टाळी वाजवतो, कान देतो.)

ऐकलंत? टाळी एक वाजवली, पाच परत आल्या. व्याज धरून! खाली टाइल्स, समोर काच, वर स्लॅब. आवाजाने टेकायचं कुठे? आणि आपण म्हणतो, स्पीकर बदला. अहो, तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर शेजारच्यालाही ऐकू येत नाही; बोलतो तो भोपळा. स्पीकर ही तार, खोली हा भोपळा. भोपळा तडकलाय आणि आपण तारा बदलत बसलोय! पुरावा हवा? 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमायचं, की शब्द साडेपाच सेकंद विरायचा नाही. सरांचं दुसरं वाक्य संपलं तरी पहिलं वर्गातच! वॉलेस सॅबिन या प्राध्यापकाने वक्ता बदलला नाही. त्याने रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या, घुमणं मोजलं आणि उजाडायच्या आत गाद्या परत केल्या. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राचा पाया गादीवर घातला गेला. आपल्याकडे गादीवर फक्त झोप होते.

(सोफ्यावर, भिंतीला टेकून बसतो.) आता खर्ज बघा. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब. खोली साडेतीन मीटरची असली, की ती बरोबर अर्धी मावते आणि तिथेच ठाण मांडते. भिंतीला टेकलेल्या आजोबांना नुसतं धुमधुम (उठून मध्यभागी येतो), आणि मध्ये बसलेल्या नातवाला तोच सूर जवळजवळ गायब. भांडण पिढ्यांचं नाही, सतरंजीवरच्या जागेचं! त्यात स्पीकर कोपऱ्यात ठेवला, की दोन भिंती आणि छत मिळून खर्ज आणखी फुगवतात.

"वन बीएचकेत जागा कुठंय?" रास्त आहे. पण स्पीकर भिंतीपासून दोन वीत पुढे घ्यायला, बारीक सुरांचा छोटा पडदा बसलेल्याच्या कानाच्या उंचीला आणायला आणि दोन्ही स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण करायला बिल्डर लागत नाही. "मग अंड्यांचे ट्रे चिकटवू?" पातळ पुठ्ठ्याला खर्ज मोजतही नाही. समोर जाड गालिचा, बाजूला पुस्तकांचं कपाट आणि घड्या पडलेला जाड पडदा बरा. "शेजारी तरी गप्प बसतील?" नाही! गालिचा आतलं घुमणं शोषतो. पलीकडे जाणारा आवाज अडवायला जड भिंतच लागते. शेजाऱ्यासाठी एकच उपकरण: आवाजाचं बटण, डावीकडे.

(शोकेसमधून स्पीकर काढतो, रिकाम्या जागी ट्रॉफी सरकवतो.) तेव्हा मायबाप, नवा स्पीकर आणायला बाहेर पडण्याआधी जुन्याला शोकेसबाहेर काढा. शोभेच्या वस्तू घरात पुष्कळ आहेत. याला जरा बोलू द्या.

(अंधार.)