चाके घराला, गती हप्त्याला

अमेरिकेत मोबाइल होम नावाचे घर कारखान्यात तयार होते. बुडाशी पोलादी सांगाडा, सांगाड्याखाली आस आणि चाके, वर दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. हे घर बहुधा आयुष्यात एकदाच प्रवास करते. मुक्कामी पोचले की ते काँक्रीटच्या ठोकळ्यांवर चढवतात, वाऱ्याने उडू नये म्हणून पोलादी पट्ट्यांनी जमिनीला जखडतात, आणि खालची पोकळी झाकून टाकतात, म्हणजे चाकांचा पूर्वेतिहास पाहुण्यांच्या नजरेस पडत नाही. पुढे ते हलवायचे ठरले तर ट्रक, परवाने, माणसे आणि काही हजार डॉलर लागतात. जुन्या घराची किंमत पुष्कळदा त्याच्या वाहतूकखर्चाहूनही कमी भरते. या विसंगतीवर एक आख्खा धंदा उभा आहे. जुने मोबाइल होम रोखीने घ्यायचे आणि उधारीने विकायचे, एवढाच त्याचा सारांश.

या घरांच्या इतिहासात 15 जून 1976 ही तारीख महत्त्वाची. त्या दिवसापासून केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे बांधणीचे नियम लागू झाले. त्याआधीचे ते मोबाइल होम आणि नंतरचे ते मॅन्युफॅक्चर्ड होम, असा भेद सरकार पाळते. त्यात राहणारे पाळत नाहीत. नव्या नियमांनुसार बनलेल्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक लाल धातूची पट्टी असते. सिंगल-वाइडला एक, आणि दोन अर्धुके रस्त्याने वेगवेगळी आणून जागेवर सांधलेल्या डबल-वाइडला दोन. 1976 पूर्वीचे घर स्वस्त मिळते. मात्र अनेक पार्क, म्हणजे अशा घरांच्या वसाहती, ते दारात उभे करू देत नाहीत आणि विमा कंपन्याही त्याच्याकडे पाठ फिरवतात, त्यामुळे ते स्वस्तही राहते आणि मालकाकडेही राहते.

कायद्याच्या नजरेत हे घर बहुतेक वेळा स्थावर नव्हे, जंगम मालमत्ता असते. अनेक राज्यांत त्याचे मालकीपत्र वाहन खात्याकडून मिळते. म्हणजे अंगणात उभी मोटार आणि ज्याच्या मालकाचे ते अंगण आहे ते घर, दोघांची कागदपत्रे एकाच खिडकीवर होतात. अंगण अर्थात मालकाचे नसतेच. जमीन पार्कची, घरवाला तिचे दरमहा भाडे भरतो. घर स्वतःचे आणि त्याखालची माती दुसऱ्याची, अशा त्रिशंकू अवस्थेत लाखो कुटुंबे राहतात.

विकणारा याच भाड्याने घायकुतीला आलेला असतो. कुणाची नोकरी दुसऱ्या राज्यात लागलेली असते, कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाच्या आईचे निधन होऊन घर वारशाने आलेले असते. घर रिकामे असले तरी जागेचे भाडे थांबत नाही. बँक अशा जुन्या आणि लहानशा घरासाठी गिऱ्हाइकाला कर्ज देत नाही, कारण कर्जाची रक्कम लहान आणि कागदपत्रांचा खटाटोप तेवढाच. गिऱ्हाईक असते, पण त्याच्याजवळ रोकड नसते. अशा वेळी खिशात रोख घेऊन जो येतो, त्याच्यापुढे मालकाची गत बोहारणीपुढे पैठणी घेऊन बसलेल्या बाईसारखी होते: मनात भाव पैठणीचा असतो, पदरात चहाची गाळणी पडते. काही जण तर पुढच्या महिन्याचे भाडे टळावे म्हणून घर फुकट देऊन मोकळे होतात.

भाव करण्याआधी तपासणी. जाणकार खरेदीदार घरात शिरला की दिवाणखान्याकडे ढुंकूनही न बघता थेट संडास गाठतो आणि त्याच्या आजूबाजूला टाचा आपटतो. या घरांची जमीन पुष्कळदा लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळ्यांची असते; तिला पाणी लागले की ती फुगते, मग भुसभुशीत होते, मग पाय खाली जातो. त्यानंतर छपराची गळती पाहायची. नळ करड्या पॉलिब्युटिलीनचे असतील तर ते कधी फुटतील याचा नेम नसतो. घराच्या बुडाखालचे कापड फाटले असेल तर आत उबेला एखादे जंगली बिऱ्हाड थाटलेले सापडते. ते भाडे देत नाही. किनारपट्टीवर आणखी एक चौकशी लागते. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात अशा घरांची वाताहत केली, त्यानंतर 1994 मध्ये वाऱ्याच्या जोराप्रमाणे बांधणीचे नियम कडक झाले. शांत पट्ट्यासाठी बांधलेले घर वादळी पट्ट्यात मांडता येत नाही, आणि घर कुठल्या पट्ट्याचे हे आत डकवलेल्या तक्त्यावर लिहिलेले असते. शेवटी थकलेला कर पाहायचा, कारण तो बहुधा घराबरोबरच नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

या सगळ्यावर पार्कचा व्यवस्थापक बसलेला असतो. नवा रहिवासी त्याला पसंत पडल्याखेरीज घराचा व्यवहार पुरा होत नाही. त्याच्याशी गोड बोलणे हे या धंद्याचे पहिले भांडवल, रोकड दुसरे.

धंद्याची पोथी लिहिली व्हर्जिनियाच्या लॉनी स्क्रग्ज यांनी. त्यांच्या ‘डील्स ऑन व्हील्स’ या पुस्तकामुळे अशा सौद्यालाच तिथे ‘लॉनी डील’ म्हणू लागले. हिशेब उदाहरणाने कळतो. घर 5,000 डॉलरला घेतले आणि 12,000 ला विकले. गिऱ्हाइकाने 2,000 रोख दिले. उरलेले 10,000 विक्रेत्याने स्वतःच वर्षाला 12 टक्के व्याजाने, चार वर्षांच्या मुदतीवर उधार ठेवले. हप्ता येतो महिना सुमारे 263 डॉलर. विक्रेत्याचे अडकलेले पैसे 3,000. ते बाराव्या हप्त्याला वसूल होतात. उरलेले 36 हप्ते म्हणजे आवळा देऊन काढलेला कोहळा. अठ्ठेचाळीस हप्त्यांत 12,640 आणि आधीचे 2,000 मिळून 14,640 डॉलर जमतात. घर या काळात तसूभरही हललेले नसते. आपल्याकडचा वाणी ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावतो. हा व्यापारी ती उलटी वाचतो, कारण त्याचा नफा घरात नाही, उधारीत आहे. खरा माल हप्ता. घर हे त्याचे वेष्टन.

हप्ता थांबला तर? मालकीपत्रावर विक्रेत्याच्या तारणाची नोंद असते. रीतसर नोटीस आणि कायद्याची पायरी चढून घर परत ताब्यात येते, रंगाचा हात फिरतो आणि तेच घर पुन्हा विकले जाते. टीकाकारांचा आक्षेप नेमका इथेच आहे: गिऱ्हाईक बुडाले तरी ज्याचा धंदा तरतो, त्याला गिऱ्हाईक तरावे अशी काळजी कशाला वाटेल? उलट बाजूही खोटी नाही. ज्याला कोणतीही बँक दारात उभे करत नाही, त्याला चार वर्षांत छप्पर स्वतःच्या नावावर करून घेण्याची ही एकच वाट असते.

सरकारने मध्ये पडून वाटेवर फाटके बसवली. कर्जाची जुळणी करणाऱ्यांना 2008 च्या कायद्याने परवाना लावला. 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याखालचे नियम जानेवारी 2014 पासून लागू झाले, आणि कर्जदाराची ऐपत तपासणे ही सावकाराची जबाबदारी झाली. वर्षाला तीनपर्यंत घरे स्वतःच्या उधारीवर विकणाऱ्याला काही अटींवर सूट आहे. राज्यांचे विक्रीपरवान्याचे नियम निराळे. वहीत टिपून चालणारा धंदा त्यामुळे वकिलाच्या फायलीत गेला.

हप्त्याची ही गोडी बड्यांनाही ठाऊक आहे. टेनेसी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वॉरन बफे यांना जिम क्लेटन या घरबांधणी उद्योजकाचे आत्मचरित्र भेट दिले. ते वाचून बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने 2003 मध्ये क्लेटन होम्स कंपनी सुमारे 1.7 अब्ज डॉलरला विकत घेतली. ती कंपनी घरे बांधते, विकते आणि त्यांवर कर्जही देते.

एवढे वाचून कुणाला या धंद्यात उतरावेसे वाटले तर त्याने आधी वकील गाठावा, मग व्यवस्थापक, मग संडासाजवळची फरशी. आणि ज्याला हे घर हप्त्याने घ्यायचे आहे, त्याने घराची किंमत विचारू नये. सगळे हप्ते मिळून किती होतात आणि जागेचे भाडे किती, एवढेच विचारावे. विकणारा त्यावर खोकू लागला तर दुसरे घर पाहावे.