बॉनेटवैद्य

वर्ध्याच्या आसपास दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्रामचं १९६९ सालचं आणि सावंगी (मेघे)चं १९९० सालचं. शेजारी सालोडला आयुर्वेदाचंही आहे. एवढ्या वैद्यांच्या गर्दीत एक वैद्य मात्र कुठल्याच पॅथीत बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास घसरला, की सावंगीत विनोबांच्या नावाच्या रुग्णालयापाशी मुक्कामाला आलेल्या यवतमाळच्या एमएच २९, चंद्रपूरच्या एमएच ३४ अशा दवात भिजलेल्या गाड्या सकाळी स्टार्ट होताच थरथरू लागतात. अशी एखादी गाडी गचके खाऊ लागली, की टपरीवरचा चहा अर्धा ठेवून तो येतो. आधी मफलर कानावरून सरकवतो, कारण सगळं निदान कानानं. मग ‘बॉनेट उघडा भाऊ’. हात पाठीमागे बांधून दोन क्षण ऐकतो आणि सांगतो, ‘मिस मारते. पलग गेले.’ निदान झाल्यावर उपचारही लगेच: ‘रेस द्या. अजून द्या. सोडू नका.’ पाच-सात मिनिटांत गाडी खरोखर शांत होते. बॉनेट धाडकन खाली येतं आणि वैद्यबुवा उरलेला चहा प्यायला परत जातात. फी घेत नाहीत. घेतली असती तर लोकांनी थोडी तरी शंका घेतली असती.

या माणसाची सारी कीर्ती इंजिनाच्या एका सवयीवर उभी आहे: ते आपोआप गरम होतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थोडं भिंतींना चिकटून राहतं, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर कूलंटचं तापमान बघून जास्तीचं पेट्रोल सोडतो आणि आयडल हजाराच्या वर चढवून ठेवतो. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत त्याचं म्हणणं कॉम्प्युटर ऐकतही नाही. तोवर सगळा कारभार अंदाजपंचे. थ्रॉटल बॉडीत काजळीचं कडं जमलेलं असो, व्हॅक्यूमची रबरी नळी थंडीनं कडक होऊन फटीतून हवा ओढत असो, की इंजेक्टर अर्धवट तुंबलेला असो, दोष दिसतो तो याच काही मिनिटांत. इंजिन तापलं की रबर नरम पडतं, पेट्रोलची वाफ होऊ लागते, ऑक्सिजन सेन्सर कामाला लागतो आणि आजार लपतो. म्हणजे त्या वेळात रेस दिली काय, टायरला नारळ फोडला काय, गाडी बरी होणारच. पडसं औषधानं सात दिवसांत आणि औषधावाचून आठवड्यात बरं होतं, त्यातलाच हा प्रकार. समोरच्या कॉलेजातला पहिल्या वर्षाचा पोरगाही विचारेल, की औषध न दिलेल्या रोग्याचं काय झालं? पण त्याचीही गाडी तिथंच उभी असते, आणि तोही रेस देतो.

यावर कोणी म्हणेल, त्यांच्या सांगण्यावरून प्लग बदलले आणि गाडी सुधारली, त्याचं काय? सुधारली असेल. झिजलेला प्लग थंडीतच आधी दगा देतो, त्यामुळे दर खेपेला प्लग म्हणणारा अधूनमधून बरोबर येणारच. शिवाय हे ज्ञान त्यानं हवेतून काढलेलं नाही. मारुती ८०० ला कार्ब्युरेटर होता, चोकची खुंटी ओढावी लागे आणि काजळलेले प्लग पॉलिश पेपरनं घासून गॅप जमवली की गाडी हसायची. त्या काळात तो खरा वैद्य होता. गाड्या बदलल्या, कान तोच राहिला.

मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडणारा बरा, असं वाटणाऱ्यांनी जरा थांबावं. स्कॅनर ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ एवढंच सांगतो, का कमी ते सांगत नाही. आणि हातात कोड पडला की ऑक्सिजन सेन्सरच बदलून देणारे बॉनेटवैद्याचेच शिकलेले चुलतभाऊ आहेत. फरक एवढाच, की ते बिल देतात. तापते आपोआप तर सोडून द्या, हा सल्लाही महाग पडतो. कूलंट सेन्सर तापलेल्या इंजिनालाही गार म्हणत असेल तर रोज जादा पेट्रोल जळतं, काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खातं.

खरं निदान साधं आहे, फक्त गाडी गार हवी. रात्रभर उभ्या गाडीत इंजिनाचं आणि हवेचं तापमान जवळपास सारखंच असायला हवं. सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी फिरवून स्कॅनर बघायचा: बाहेर अकरा अंश आणि सेन्सर चाळीस म्हणत असेल, तर चोर तिथंच सापडला. सेन्सर खरा निघाला तर नळ्या हातानं चाचपायच्या, चरचर नाहीतर शिट्टीसारखा आवाज येतो का ऐकायचं (इथं कान कामाचा, हे वैद्याला सांगायला हरकत नाही). थ्रॉटल बॉडी पुसायची. प्लग काढून बघायचे ते यानंतर. पण गाडी दुपारी गॅरेजात जाते, गरम जाते, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘भाऊ, हिला तर काहीच नाही.’

तेव्हा गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात सोडा आणि चावी मेकॅनिकच्या हाती द्या. सकाळी त्यानं तपासायच्या आत मफलरवाले कोणी ‘जरा ऐकून बघतो’ म्हणत आले, तर स्टार्ट करू देऊ नका.