व्हिसाकाका

सोसायटीत सेक्रेटरी निवडून यावा लागतो, व्हिसाकाका आपोआप उगवतात. अंबरनाथ पश्चिमेला, विमको नाक्यापासून कोहोजगावापर्यंत, दर दोन-तीन सोसायट्यांमागे एक तरी व्हिसाकाका आता असतातच. त्यांची उगवण्याची रीत ठरलेली. मुलगा अमेरिकेला किंवा जर्मनीला शिकायला जातो. त्याचे फॉर्म, बँकेचे हेलपाटे, नोटरी, झेरॉक्स हे सगळं वडिलांनीच केलेलं असतं. मुलगा विमानात बसतो आणि माहिती घरात उरते. त्याच सुमारास वडील निवृत्त होतात. माहिती आणि रिकामा वेळ एका माणसाकडे जमा झाले की तो मार्गदर्शन करणार, हे आपल्याकडे कुणी थांबवू शकलेलं नाही.

आमचे व्हिसाकाका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. नोकरीभर गुणवत्ता तपासणीत होते. समोर आलेला माल मापात आहे की नाही ते बघायचं आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा, हेच काम. त्यामुळे अमेरिकन वकिलातीबद्दल इतर लोकांना जी भीती वाटते, ती काकांना वाटत नाही. त्यांना तिथल्या अधिकाऱ्याबद्दल सहव्यवसायी म्हणून आपुलकी आहे. कुणाचा व्हिसा नाकारला की सगळी सोसायटी अधिकाऱ्याच्या नावाने बोटं मोडते. काका तेवढे म्हणतात, "त्याने काय करायचं? मालच तसा आला."

काकांचं कामकाज सकाळी रुपयाचा भाव बघून सुरू होतं. डॉलर चार पैशांनी वाढला की ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी हळहळतात. व्हिसाची फी १८५ डॉलर, सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीची ३५० डॉलर, जर्मनीच्या ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो, हे आकडे त्यांना स्वतःच्या पेन्शनपेक्षा पाठ आहेत. जर्मनीवर त्यांचा विशेष लोभ. तिथे प्रत्येक गोष्टीला कागद लागतो, आणि कागद तपासायला दुसरा कागद लागतो. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या मुलांना 'एपीएस'कडून आपली प्रमाणपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र आणावं लागतं, हे वाचलं तेव्हा काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून समाधानाने चहा मागितला होता. "देश असावा तर असा," म्हणाले.

कुणी मुलगा वडिलांबरोबर पहिल्यांदा आला की काका मुलाकडे बघतही नाहीत. आधी वडिलांचं बघतात. तीन वर्षांचे रिटर्न, पीएफ, ठेवी, फ्लॅटचं व्हॅल्युएशन, सीएचं प्रमाणपत्र. वन बीएचकेत आयुष्य काढलेल्या माणसाला आपण कागदावर इतके सधन आहोत हे काकांकडेच पहिल्यांदा कळतं. घरी जाताना त्याची छाती थोडी पुढे आलेली असते. रात्री बँकेच्या हप्त्याचा तक्ता बघितल्यावर ती पुन्हा जागेवर जाते.

इंग्लंडची फाइल असेल तर काका अधिक कडक होतात. लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असायला हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. त्या २८ दिवसांत काका त्या घराचे कर्ते असतात. भाचीच्या लग्नाचं पाकीट द्यायचं का, गॅसची शेगडी बदलायची का, हे त्यांना विचारून. एका वहिनींनी बाविसाव्या दिवशी गणपतीच्या मखरासाठी एटीएममधून पैसे काढले. देवाचं काम म्हणून काका रागावले नाहीत. कॅलेंडर काढलं, बाविसाव्या खुणेवर फुली मारली आणि म्हणाले, "वहिनी, बाप्पा यंदा लंडनलाही विसर्जनाला घेऊन गेला."

मग नावं. मराठी माणसाच्या नावाचं स्पेलिंग शाळेत मास्तर ठरवतात, आधारवर ऑपरेटर ठरवतो आणि पासपोर्टवर नशीब. दत्तात्रय नावाचा बाप असेल तर तो दाखल्यावर 'वाय'वर संपतो, पॅनकार्डवर 'वाय-ए'वर आणि फ्लॅटच्या करारात 'ई-वाय-ए'वर. हे तिघेही एकच गृहस्थ आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला काका त्यांना उल्हासनगरला नोटरीकडे पाठवतात. उल्हासनगर म्हणजे अंबरनाथहून एक स्टेशन. "जा, यूएसएचं पहिलं काम यूएसएतच होतं," हा त्यांचा ठेवणीतला विनोद. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद इकडच्या पोराटोरांना ठाऊक असतो, तरी सगळे हसतात, कारण फाइल काकांच्या हातात असते.

फोटोचंही तसंच. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, जर्मनीला पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर. चष्मा २०१६ पासून अमेरिकेच्या फोटोत चालत नाही. हसू नये, पण गुन्हेगारासारखंही दिसू नये. स्टेशनजवळचा फोटोवाला आता गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो, "काकांना दाखवायचाय का?" हो म्हटलं की तो खुर्चीतून उठून नीट लाइट लावतो.

पण काकांची खरी ख्याती मुलाखतीच्या सरावासाठी. वकिलातीत अर्जदार आणि अधिकारी यांच्यामध्ये काच असते. काकांकडे सेफ्टी डोअर आहे. काका आतून कडी लावून स्टुलावर बसतात, उमेदवार बाहेर जिन्यात उभा राहतो, आणि जाळीतून प्रश्न सुरू होतात. काकू सुरक्षारक्षक. आधी मोबाइल काढून घेतात, कारण वकिलातीत मोबाइल चालत नाही. काढून घेतलेले मोबाइल चपलांच्या स्टँडवर एका ओळीत ठेवलेले असतात. वरच्या मजल्यावरची माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन "एक्सक्यूज मी" म्हणत मुलाखतीमधून ये-जा करतात.

"व्हाय धिस युनिव्हर्सिटी?"

"सर, रँकिंग चांगलं आहे."

"रिजेक्ट. रँकिंग बघून कुणीही जाईल. कोर्समध्ये काय शिकवतात ते सांग."

"सर, मशीन लर्निंग..."

"ते सगळेच सांगतात. पुढचा प्रश्न. अमेरिकेत कुणी नातेवाईक?"

"मावसभाऊ आहे, त्याची बायको आहे, तिचा भाऊ पण..."

"विचारलंय तेवढं बोल! खोटं बोलायचं नाही आणि वंशावळ सांगायची नाही."

आतून काकू विचारतात, "पोहे टाकू का दोघांना?" अधिकारी जाळीतूनच मान हलवतो आणि चेहरा पुन्हा अमेरिकन करतो.

मग येतो तो प्रश्न, ज्यावर सगळं अडतं. शिकून झाल्यावर काय करणार? अमेरिकेच्या कायद्यातलं २१४(ब) हे कलम काकांना शुभंकरोतीइतकं पाठ आहे. त्या कलमाप्रमाणे समोरचा प्रत्येक अर्जदार तिथेच राहायला निघालाय असं धरून चालायचं. तसं नाही, हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे वडिलांचं घर गहाण टाकून, जन्मभराची ठेव मोडून जो मुलगा निघालाय, त्याने दोन मिनिटांत, परक्या भाषेत, आपल्याला घरी परत यायची केवढी ओढ आहे हे सिद्ध करायचं.

"सर, आय विल रिटर्न टू इंडिया."

"इंडिया केवढा आहे! गावाचं नाव घे."

"अंबरनाथ."

"हं. आता वाटतं पटण्यासारखं."

"पण काका, अंबरनाथला येऊन करू काय?"

जाळीच्या दोन्ही बाजूंना थोडा वेळ शांतता पसरते. मग काका सावरतात. "हा प्रश्न खिडकीपाशी अर्जदाराने विचारायचा नसतो."

उत्तर कसं असावं हे शिकवायला काकांकडे आदर्श आहे, आणि तो थेट शेजारच्या कल्याणचा. आनंदीबाई जोशी. जन्म कल्याणचा, १८६५ चा. १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघायच्या आधी त्यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण करून आपण का जातोय, इथेच का शिकत नाही, परत येऊन काय करणार, या सगळ्या शंकांना एकेक करून उत्तरं दिली. "बघा," काका सांगतात, "व्हिसा लागत नव्हता तेव्हा बाईंनी मुलाखत दिली, तीही भरसभेत. कोर्स पक्का, कारण पक्कं, परत यायचं पक्कं. आणि आल्यासुद्धा! कोल्हापूरच्या दवाखान्यात नोकरी ठरवून १८८६ मध्ये परत." त्यानंतर काही महिन्यांतच आनंदीबाई गेल्या, हे मात्र काका मुलांना सांगत नाहीत. मुलाखतीच्या आदल्या दिवशी असलं काही सांगू नये.

काकांना इतिहासात एक राग आहे, तो विमकोचा. स्वीडनच्या काडेपेटी कंपनीने १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली आणि अंबरनाथला कारखाना टाकला. नाक्याला अजून तेच नाव. काका त्या नाक्यावर उभे राहून म्हणतात, "तिकडून माणसं इथे आली तेव्हा आपण त्यांना विचारलं का, काड्या करायला एवढ्या लांब कशाला आलात म्हणून? सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं? आणि आज आपल्या पोराला स्वीडनला जायचं तर सगळं खानदान कागदावर मांडायचं!" हे भाषण ते फक्त रिक्षा मिळत नसेल तेव्हा करतात.

मुलाखतीच्या दिवसाचं नियोजनही त्यांचंच. 'फॉल' सत्राचे प्रवेश म्हणजे मुलाखती जून-जुलैत, म्हणजे भर पावसात, आणि वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात. अंबरनाथहून सकाळची लोकल धरून कुर्ल्याला उतरायचं, हे कागदावर सोपं. पण २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, ते इकडचा माणूस विसरलेला नाही. म्हणून काकांचा नियम असा की आदल्या रात्री चेंबूर, शीव, कुर्ला जिथे असेल त्या नातेवाइकाकडे मुक्काम. नातेवाईक नसेल तर काका शोधून देतात. एका मुलाला त्यांनी त्याच्याच आत्याच्या चुलतसासऱ्यांची ओळख करून दिली.

या राज्यावर २०२५ मध्ये संकट आलं. मेअखेर अमेरिकेने विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं थांबवलं. जूनमध्ये पुन्हा सुरू केलं ते नवी अट घालून, की अर्जदारांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना बघता येतील अशी उघडी ठेवावीत. काका स्लॉट नसलेल्या दिवसांत खिन्न होऊन गच्चीत फेऱ्या मारत. नवी अट आल्यावर मात्र त्यांना तरतरी आली. त्यांनी इन्स्टाग्रामवर खातं काढलं आणि सगळ्या उमेदवारांची खाती तपासायला घेतली. अमेरिकन सरकारने बघण्याला मुलांची हरकत नव्हती. काकांनी बघण्याला फार होती. कारण अमेरिकन सरकार कोंडेश्वरच्या धबधब्यावरचे फोटो बघून आईला फोन करत नाही.

हल्ली कल्याण-डोंबिवलीत काचेचे दरवाजे आणि एसी असलेल्या कन्सल्टंटांची दुकानं झाली आहेत. ती पोरांना भुलवतात, तरी फाइल शेवटी काकांच्या जाळीतून गेल्याशिवाय आईबापांना झोप लागत नाही. काका पैसे घेत नाहीत. व्हिसा मिळाल्यावर पेढे घेतात, आणि पहिला फोन आपल्याला आला नाही तर रुसतात. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि भारत चीनच्याही पुढे गेला, ही बातमी काकांनी कात्रण काढून सेफ्टी डोअरच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. आपला वाटा किती हे ते बोलून दाखवत नाहीत, पण कात्रणाखाली जागा सोडून ठेवली आहे.

एवढं करून काका स्वतः कधी त्या खिडकीपुढे उभे राहिले नव्हते. तो योग गेल्या वर्षी आला. मुलाने काका-काकूंना अमेरिकेला बोलावलं. काकांनी पर्यटक व्हिसाची अशी फाइल केली की उचलायला काकू लागल्या. पेन्शन, फ्लॅट, ठेवी, सोसायटीच्या कमिटीचं पत्र, रक्तदाबाचे रिपोर्ट, सगळं अनुक्रमणिकेसह. आदल्या रात्री काकू सेफ्टी डोअरच्या आत बसल्या आणि काका जिन्यात उभे राहिले. काकूंनी त्यांना दोनदा रिजेक्ट केलं.

प्रत्यक्षात दुभाष्यामार्फत मराठीत तीनच प्रश्न झाले. कुणाकडे जाताय? मुलाकडे. काय करायचात? ऑर्डनन्समध्ये होतो. परत कधी येणार?

"पुढच्या वर्षीच्या फॉलची बॅच सुरू व्हायच्या आधी," काका म्हणाले. दुभाष्याने त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, पण अधिकारी हसला आणि दहा वर्षांचा व्हिसा मंजूर झाला. फाइल उघडलीसुद्धा नाही.

सोसायटीने हार आणला तेव्हा काका घुश्शात बसलेले. "पास केलं हो, पण तपासणी न करता! निदान अनुक्रमणिका तरी बघायची! आमच्याकडे असा माल गेटाबाहेर गेला असता तर मेमो मिळाला असता."

गेले, राहिले. विमानतळावर अमेरिकेने सहा महिने राहायची मुभा दिली होती. तिसऱ्या महिन्यातच काकांनी परतीचं तिकीट पक्कं केलं. मुलगा म्हणाला, "बाबा, अजून तीन महिने आहेत, मुदतवाढही मागता येते." सून म्हणाली, काकूसुद्धा म्हणाल्या. काका कुणाचं ऐकेनात. आमच्या भागातून 'परत येईन' असं त्या खिडकीपाशी सांगून जे जे गेले, त्यांच्यात इतक्या तातडीने शब्द पाळणारे काका पहिलेच असावेत. विचारलं तर म्हणतात, "सांगितल्या तारखेला आलो नसतो, तर या पोरांना उद्या कुठल्या तोंडाने रिजेक्ट केलं असतं?"