अनुदानपात्र जिज्ञासा

शिक्षणविषयक संशोधनाचे केंद्र काढावे, ही एरवी निरुपद्रवी समजली जाणारी वासना ज्या गृहस्थांच्या मनात उद्भवते, त्यांची आरंभी अशी समजूत असते की, संशोधनाला एखादा प्रश्न लागतो, चार अभ्यासू माणसे लागतात आणि फार झाले तर त्यांना बसावयास एक खोली लागते. ही समजूत पहिली दरखास्त दाखल होईपर्यंत टिकते. प्रश्नाच्या आधी लागते ती संस्था, संस्थेला 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालील दाखला लागतो, महाराष्ट्रात त्याच्या जोडीला 1950 च्या कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांकडील न्यासनोंदणी लागते, नीती आयोगाच्या ‘दर्पण’वरील क्रमांक लागतो आणि बहुधा मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंदही लागतात, तात्पर्य, अनुदानावाचून ज्याचे तीन वर्षे सुरळीत चालले आहे, तोच अनुदानास पात्र.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हे सर्व दिव्य पार पाडले. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला नाही, हे वाचून ते अस्वस्थ झाले होते आणि असे का होते, एवढेच त्यांना शोधून काढावयाचे होते. दरखास्तीत ‘अपेक्षित निष्कर्ष’ असा एक रकाना होता. तेथे प्राध्यापकांनी, सत्याला स्मरून, ‘अभ्यासाअंती कळतील’ असे लिहिले. दरखास्त परत आली. समासात तांबड्या शाईने शेरा होता : ‘मोघम. खुलासा व्हावा.’ तेव्हा अशा कामात केस पिकलेल्या एका अधीक्षकांनी त्यांना जवळ बसवून घेतले आणि सांगितले, “सर, काय सापडणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती सरकारने पैसा कसा द्यावा?” या युक्तिवादाला उत्तर नाही. प्राध्यापकांनी त्याच रात्री चार निष्कर्ष व दोन शिफारशी लिहून काढल्या. तज्ज्ञ समितीपुढे त्यांना मुलांविषयी कोणी काही विचारले नाही. प्रस्तावात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख का नाही, एवढेच विचारले गेले, आणि तो पुढील मसुद्यात यथास्थित करण्यात आला.

पैशाची टंचाई हे कारण मात्र कोणी सांगू नये. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च व्हावा असे कोठारी आयोगाने 1966 मध्येच लिहून ठेवले आहे आणि 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने तोच आकडा, चोपन्न वर्षांत त्याला कोणाचाही हात लागला नसल्यामुळे, जसाच्या तसा पुन्हा लिहिला आहे. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी 1948 साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली आणि पुढे 1969 साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले सदस्य-सचिव झाले. केंद्र चालविणारा आणि केंद्रांना पैसा वाटणारा, अशा टेबलाच्या दोन्ही बाजूंना ते बसले होते. हल्ली एका बाजूला बसण्यातच आयुष्य सरते.

असो. मंजुरी आली, आणि वरातीमागून घोडे यावे तसा पहिला हप्ता मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला. 31 मार्चपूर्वी तो खर्ची पडणे अगत्याचे होते, आणि मार्चात शाळांतून परीक्षेचे वारे असल्यामुळे मुलांपर्यंत जाणे अशक्य होते. म्हणून केंद्राने दोन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र भरविले. दीपप्रज्वलनास सव्वा तास लागला, कारण पंख्याच्या वाऱ्याने वात विझे आणि पंखा बंद करावा तर प्रमुख पाहुण्यांना घाम येई. प्रत्येक प्रतिनिधीला बोधचिन्ह छापलेली तागाची पिशवी मिळाली. तीत लेखणी, कोरी वही आणि भोजनाचे कूपन होते. वाचनकौशल्यावरील निबंध वेळेअभावी ‘वाचला असे समजण्यात आला’.

त्यानंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नमुना 12-अ. त्यात फलनिष्पत्तीसाठी परिशिष्टाची सोय आहे, परंतु परिशिष्टावाचून कोणाचा पुढील हप्ता अडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. घोडे पेंड खाते ते व्याजापाशी. अनुदान बँकेत पडून असताना त्यावर जे व्याज जमते, ते भारताच्या एकत्रित निधीत भरावे लागते. प्राध्यापकांच्या केंद्राचे असे काही रुपये झाले होते. त्या रुपयांवर जो पत्रव्यवहार झाला, त्याच्या नस्तीची जाडी संशोधन-अहवालाहून अधिक आहे, आणि ती अक्षरशः ओळ न् ओळ वाचली गेली आहे. अहवालाची प्रत आवक-जावक नोंदवहीत रुजू आहे.

तेव्हा वाचकहो, मुलांना वाचता का येत नाही असा प्रश्न आपल्याला खरोखरच पडला असेल, तर तो दरखास्तीत मुळीच घालू नका. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि गुरुजींना विचारा. फक्त त्या दिवशी ते ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेले नाहीत, एवढी खात्री आधी करून घ्या.