प्रत्येकाचं अकाउंट वेगळं, म्हणे!

"अगं ए, कोपऱ्यावरच्या बंगल्यातला कंप्युटर बसला, कळलं का?"

"काय सांगता काकू! परवाच त्यांची सून मिरवत होती, आमच्यात प्रत्येकाचं अकाउंट वेगळं, पासवर्ड वेगळा म्हणून."

"मिरवू दे की. धाकट्यानं फुकटचा गेम उतरवला, क्रॅक केलेला. त्यातला व्हायरस सासऱ्यांच्या टॉवेलच्या बिलांपर्यंत पोचला. एक फाईल उघडंना, वर पैसे मागतोय."

"पण पोराला आजोबांचा पासवर्ड कुठं ठाऊक होता?"

"लागतोय कशाला? आमच्या विजूनं जाऊन बघितलं, तर चारी अकाउंटं ॲडमिन! वाड्यात खोल्या चार, कुलपं चार, आणि किल्ल्यांचा जुडगा प्रत्येकाच्या कमरेला. 'बदल करू द्यायचे का?' असं स्क्रीननं विचारलं, पोरगं 'यस' दाबून मोकळं."

"ॲडमिन नसता तर?"

"तर बहुतेक त्याच्याच फायलींवर भागलं असतं. तरी 'पब्लिक' फोल्डर सगळ्यांचाच ना! गड्ड्याच्या जत्रेचे फोटो समजून सासूबाईंनी तिथली भलतीच फाईल दाबली, की शिरला त्यांच्याही अकाउंटात."

"अगं बाई! मग मोठ्या कंपन्यांचं काय होत असंल ओ?"

"27 जून 2017 ला तो नॉटपेट्या व्हायरस आला नव्हता का? कंप्युटरवर लॉगिन झालेल्यांचे पासवर्ड मेमरीतनं उचलायचा. त्यात ॲडमिनचा घावला, की त्याच पासवर्डानं पुढच्या कंप्युटरवर. मेर्स्क या जहाज कंपनीला गाठलं त्यानं, आणि इकडं न्हावा शेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनल अडकलं. आपल्या सोलापूरचा टॉवेल तिथनंच बोटीत चढतो की!"

"आता त्या बंगल्यातल्या पोराचं अकाउंट काढून टाकतील."

"तेवढ्यानं काय होतंय? व्हायरस मशीनभर पसरलेला. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकली. बिलांची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर होती, ती कपाटात होती म्हणून वाचली. आता सगळ्यांना साधी अकाउंटं, ॲडमिन एकच. तेही नवीन काही बसवायचं तेव्हाच उघडायचं."

"मग ॲडमिन कोण, सासरे?"

"तिथंच तर घोडं अडलंय! सासूबाई म्हणतात, घर माझं, पासवर्ड माझ्याकडं. सून म्हणते, तुम्ही दिसंल तिथं 'यस' दाबता. कालपासनं अबोला आहे. थांब, थांब, तीच येतीय... काय गं सूनबाई, झाल्या का भाकरी?"